विमानाला स्टेशन नसतं

परभणीचं लेकरू बसायला शिकतं ते रेल्वेतच. जिल्ह्यात विमानतळ नाही. विमान गाठायचं तर नांदेड, नाहीतर थेट चिकलठाणा. गाडी मात्र हक्काची. पेडगाव, मानवत रोड, सेलू, परतूर... घडीघडीला स्टेशन येतं, चहावाला ओरडतो, समोरची अनोळखी मावशी "ये रे बाळा" म्हणत मांडीवर घेते. मनमाडपर्यंत पोराला मुद्दाम रमवावं लागत नाही.

तेच लेकरू विमानात बसलं की पंचाईत. खिडकीत थोडा वेळ गंमत, मग नुसते ढग. "आज्जे, टेशन कधी येतंय?" याचं उत्तर वैमानिकाकडंही नसतं. रडारडीचं मूळ माझ्या मते इथंच आहे. आई-बाप घाईघाईनं मोबाइल पुढं करतात. तो काढून घेताना जो आकांत होतो, तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

आज्जीची तऱ्हा वेगळी. ती पिशवी एकदम उघडत नाही. पोर चुळबुळलं की "आलं बघ मानवत रोड" म्हणते आणि चिंधीची बाहुली काढते. "सेलू आलं" की गुळाची दशमी. परतूरला नुसती गाठी मारलेली दोरी. ती सोडवण्यात पोर सगळ्यात जास्त वेळ गुंतलेलं असतं. महागड्या खेळण्याला हा मान मिळाल्याचं मी तरी पाहिलं नाही.

या पिशवीवर विमानाचे काही नियम मात्र चालतात. सुकं खोबरं तेलकट, आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. चेक-इनच्या बॅगेत घालू देत नाहीत. "जन्मभर खोबरं किसलं, कधी पेटलं नाही," हे आज्जीचं म्हणणं तिथं कुणी ऐकत नाही. शेंगदाणे-फुटाणे चिमुरड्यांना देऊ नयेत, ते घशात अडकतात. हा नियम विमानाचा नाही, शहाणपणाचा.

राहिले कान. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांवर असावी तितकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वरची. विमान उतरू लागलं की केबिनमधला दाब वाढतो. कानाला घशाशी जोडणारी नळी मुलांमध्ये अरुंद आणि आडवी असते, ती सहज उघडत नाही, म्हणून कान ठणकतात. गिळताना ती उघडते. तान्ह्याला अंगावर पाजावं, मोठ्याला घोटघोट पाणी द्यावं. झोपेत माणूस कमी गिळतो; तेव्हा "बरं झालं, झोपलं एकदाचं" म्हणून गप्प बसू नका. विमान खाली येऊ लागलं की लेकराला हलकेच उठवा. आणि शेजारच्या खुर्चीत तुम्ही असाल, तर कपाळाला आठ्या घालण्याआधी "ये रे बाळा" म्हणून बघा.