अफझलगंजातील उणे 40

अफझलगंज हा हैद्राबादेतील मुसीकाठचा, पाचवे निजाम अफझलउद्दौला यांचे नाव मिरवणारा भाग असून, मे महिन्यात तेथे पारा 40 च्या पुढे जातो, वाहने मात्र जात नाहीत. अशा कोंडीतून सुटलेल्या ऑटोमॅटिक मोटारीला स्कॅनर लावल्यावर गिअरबॉक्समधील तेलाचे तापमान उणे 40 अंश दिसले, तर त्या आकड्यावर संशय घेण्यास अभियांत्रिकीच्या पदवीची गरज पडू नये.

तेलाचे तापमान सांगणारा सेन्सर बहुधा थर्मिस्टर असतो, म्हणजे तेल तापेल तसतसा ज्याचा विद्युतरोध घटतो असा लहानसा तुकडा. त्याची तार तुटली की रोध अमर्याद वाढल्याचे भासते आणि मोटारीतला संगणक, काचेबाहेर न पाहता, सैबेरिया गृहीत धरतो. मग तो गिअर उशिरा बदलतो आणि टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलामार्फत पुढे पोचवणारा भाग, लॉक होऊ देत नाही, ज्यामुळे खरे तेल आणखीच तापते. तारा एकमेकींना चिकटल्यास आकडा भलताच वर चढतो; परंतु रांगत्या रहदारीत तेल खरोखरच तापत असल्याने अफझलगंजात चढलेल्या आकड्याला तडकाफडकी खोटे ठरवणे धोक्याचे.

कोणत्या लक्षणावर विसंबावे, हा वाद या परिसराला नवा नाही. येथील जुन्या रुग्णालयाचे डॉ. एडवर्ड लॉरी क्लोरोफॉर्म देताना नाडी सोडून श्वासाकडे पाहा, असा आग्रह धरत, आणि 1888 व 1889 मध्ये निजामाच्या आश्रयाने बसलेल्या दोन आयोगांनी शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांचीच री ओढली. क्लोरोफॉर्मने हृदयही बंद पडते, हे पुढे सिद्ध झाले.

मोटारीच्या बाबतीत प्राणिहत्या टळते. रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, शीतक पाण्याचा आणि गिअरच्या तेलाचा आकडा जवळपास सारखा यावा; तसा न आल्यास कनेक्टर सोडवून वायरिंगच्या बाजूची सेन्सरची दोन टोके तारेने जोडावीत. उणे 40 वरून आकडा एकदम आकाशाला भिडला, तर वायरिंग आणि संगणक निर्दोष, आरोपी सेन्सर. जागचा हलला नाही, तर चौकशी वायरिंगची. सेन्सरचा रोध मल्टिमीटरने मोजून उत्पादकाच्या तक्त्याशी ताडावा, हे ओघाने आलेच. सेन्सर बहुधा गिअरबॉक्सच्या आत दडलेला असल्याने तो बदलायचा तर तेल उपसावे लागते, म्हणून आधी कनेक्टरच्या पिना पाहणे किफायतीचे. त्या पुसून काम भागले, की भोवती जमलेल्या मंडळींचा मात्र विरस होतो, कारण त्यांतील निम्म्यांनी गिअरबॉक्स उतरवण्याचा आणि उरलेल्यांनी गाडी विकण्याचा निर्णय केव्हाच देऊन टाकलेला असतो.