दंडारीची कॅसेट कोण काढणार?

वरातीत ‘हम्मा हम्मा’ वाजलं की अड्याळची पोरं अजूनही बेभान नाचतात. ‘बॉम्बे’ सिनेमाच्या हिंदी गाण्यातला तो आवाज रेमो फर्नांडिसचा. गोव्यातल्या शिवोलीचा हा गडी मुंबईच्या जे.जे.मध्ये वास्तुकला शिकला आणि गावी परतून गिटार घेऊन बसला. १९८४मध्ये त्याने ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम घरच्या घरी ध्वनिमुद्रित केला. वाद्यं स्वतःच वाजवली, कॅसेटीही स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतःच पोचवल्या. पुढे ‘जलवा’, ‘प्यार तो होना ही था’ या सिनेमांची गाणी, २००७ची पद्मश्री.

मला मोठा वाटतो तो त्याचा १९८५चा ‘ओल्ड गोअन गोल्ड’. नुकतं कुठे नाव होऊ लागलं होतं. दुसरा कुणी असता तर नव्या चालींच्या मागे धावला असता. रेमोने आजी-आजोबांच्या तोंडची गाणी उचलली आणि पॉपवर नाचणाऱ्या पोरांना ती विकत घ्यायला लावली. पोरांच्या खिशातला पैसा जुन्या गाण्याकडे वळवणं, हे खरं जतन.

आता आपल्याकडे या. दिवाळी सरली की अड्याळ-पवनी पट्ट्यात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते. दिवसा दंडार, म्हणजे आपलं गाण्या-नाचाचं लोकनाट्य, रात्री नाटक. पूर्व विदर्भातल्या आपल्या झाडीपट्टीचं नाटक ऐटीत उभं आहे. वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावं पालथी घालतात, या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ला पद्मश्री मिळाली. का उभं आहे? लोक तिकीट काढतात म्हणून! दंडारीच्या वाट्याला मात्र शाल, श्रीफळ आणि पुढाऱ्याचं लांबलचक भाषण. तेवढ्या वेळात चार गाणी झाली असती.

आणि दंडारीपुढे मोबाइल तर शंभर उभे असतात. अर्ध्या मिनिटाचा तुकडा स्टेटसला चढतो, दुसऱ्या दिवशी जातो. गाणारा म्हातारा कोण, चाल त्याने कुणाकडून घेतली, हे कुणी विचारत नाही. तो गेला की गाणंही गेलं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं. त्यांच्यासारख्या एकट्या माणसाच्या खांद्यावर जतनाचं हे ओझं आपण किती दिवस टाकणार?

रेमोकडे १९८४ला जेवढी यंत्रं होती, त्याहून सरस सोय आज कॉलेजच्या पोराच्या खिशात आहे. म्हणून मंडई भरवणाऱ्या मंडळांना माझं थेट मागणं: यंदाच्या वर्गणीतून मंडपाची एक कमान कमी करा. त्या पैशात अख्खी दंडार पहिल्या गणापासून शेवटापर्यंत ध्वनिमुद्रित करा, गाणाऱ्यांची नावं, गाव, साल त्यावर घाला, आणि मानधन त्यांच्या हाती द्या. आणि ऑर्केस्ट्रात टाळ्या घेणाऱ्या आमच्या गायकांनो, तुमच्या पुढच्या यूट्यूब गाण्यात दंडारीची एक चाल घ्या, ज्याच्याकडून घेतली त्या शाहिराचं नाव तुमच्या नावाच्या आधी लावा.