दंड, अपील आणि पीनट बटर

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाला तिथला न्याय कळतो तो गाडीच्या वायपरखाली खोचलेल्या पावतीतून. विद्यापीठाच्या पार्किंग परमिटपोटी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच डॉलर मोजलेले असतात. पण परमिट म्हणजे जागा नव्हे, जागा शोधत फिरायचा परवाना. दंडाविरुद्ध अपील करता येतं, हो, लोकशाही आहे! फक्त अनेक ठिकाणी ते आधी वाचतं पार्किंगचंच खातं. फिर्यादी तोच, न्यायाधीशही तोच. शिवाय ग्राह्य न धरायच्या कारणांची यादी अनेक ठिकाणी आधीच छापलेली: जागाच मिळाली नाही, पाचच मिनिटं थांबलो, पाटी दिसली नाही, शेजारच्याला का सोडलंत. थोडक्यात, खरं जे घडतं ते सगळं बाद. दंड थकवलात तर अनेक विद्यापीठांत पुढच्या सेमिस्टरची नोंदणी अडते.

विद्यार्थीच कशाला, प्राध्यापकांनाही एकत्र बांधून ठेवते ती पार्किंगची तक्रार, असं बर्कले विद्यापीठाचे माजी कुलपती क्लार्क केर गमतीनं म्हणत. त्याच बर्कलेत राखीव जागेची एक वाट खुली आहे: नोबेल पारितोषिक मिळवा, ‘एनएल’ची (नोबेल लॉरिएट) पाटी तुमची. अपील मंजूर करून घेण्यापेक्षा बरं.

अलास्कातल्या अँकरेजच्या विद्यापीठानं २०१९ मध्ये दंडापोटी चक्क पीनट बटर आणि जेलीच्या बरण्या घेतल्या, गरजू विद्यार्थ्यांसाठी. उपक्रम उत्तमच. पण दंड भरून कफल्लक झालेला पोरगा उद्या तीच बरणी मागायला आला, तर त्यानं गाडी कुठे लावायची?