अर्धा मिस्त्री

इस्लामपूरच्या हार्डवेअरच्या दुकानात पंचेचाळिशी ओलांडलेला, नोकरीत किंवा शेतीत स्थिरावलेला आणि घराच्या कर्जातून सुटत आलेला एक गृहस्थ दिवाळीच्या महिनाभर आधी हमखास येतो आणि फरशी कापायचा 4 इंची कटर मागतो. फरशी त्याला कापायची नसते. कटरसोबत तो लाकडाचं पातं मागतो, तेही ‘30 दाती नको, 40 दाती दाखवा’ असं बजावून, कारण आदल्या रात्री त्यानं मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिलेले असतात. तो साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात असेल, हायस्कुलात भूगोल शिकवत असेल, नाहीतर ऊस लावून झाल्यावर पुढचे दिवस कसे काढायचे या विवंचनेतला बागायतदार असेल. घरी त्याला ‘अहो’ म्हणतात, गल्लीत ‘सर’ किंवा ‘आबा’. कटर आला की माघारी एकच नाव पडतं : अर्धा मिस्त्री. त्याची चेष्टा सगळे करतात, पण त्यानं कटर का घेतला, याचा नीट विचार कुणी करत नाही. माझ्या मते लाकडाशी त्याचं फारसं देणंघेणं नसतंच. मिस्त्रीची वाट बघून बघून डोक्यात जे साठलेलं असतं, त्याच्यावर तो कटर चालवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैशाचा. मजुरी वाढली, माणूस पैसे वाचवतो, त्यात एवढं मानसशास्त्र कशाला? पण त्याच्या खरेदीची पावती बघा. कटर दोन-तीन हजारांत येतो, हे खरं. मागोमाग पातं, दोन क्लॅम्प, गुण्या, टेप, एक्स्टेन्शन बोर्ड, डोळ्यांचा चष्मा आणि फेविकॉलचा डबा येतो. शेवटी 8 बाय 4 चा 18 मिलिमीटर जाडीचा प्लायचा तक्ता, तोही मरीन. आयएस 710 चा शिक्का तो बोटानं चाचपून बघतो. दारातल्या चपलांच्या स्टँडसाठी एवढं लाकूड कशाला, असं विचारायची सोय नाही. जणू स्टँड कृष्णेत सोडायचाय. ‘मापं द्या, इथंच मशीनवर कापून देतो,’ असं प्लायवाला म्हणालाच, तर बोहल्यावरच्या नवरदेवाला ‘हार मी घालू का तुमच्या वतीनं?’ असं कुणी विचारावं, तसा चेहरा होतो त्याचा. काटकसरी माणूस चार पैसे जादा देऊन तिथंच तुकडे करून घेईल आणि कटरचे पैसे वाचवील. हा तसं करत नाही. तेव्हा काटकसरीचा मुद्दा इथंच बाद.

आता वाट बघण्याकडे येऊ. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 चा. त्या जगात सुतार बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतला. वर्षभर कुणब्याचा नांगर, कुळव, मोट सांभाळायची आणि सुगीला खळ्यावर आपला वाटा उचलायचा. सुतार गावाला बांधलेला होता आणि गाव सुताराला. ही बांधणी जन्मावर उभी होती. ती सुटली ते उत्तमच झालं. आजचा मिस्त्री मोकळा आहे. पुण्याला अख्ख्या फ्लॅटचं फर्निचर मिळत असताना एका फळीसाठी तो तुमच्या दारात का उभा राहील? तो ‘सोमवारी येतो’ म्हणतो, त्यात खोटं काहीच नसतं, कारण कुठला सोमवार ते त्यानं सांगितलेलं नसतं. अडचण आपल्या गृहस्थाची आहे. बँकेत त्याला खुर्ची मिळते, ग्रामसभेत माईक मिळतो, जावईही जरा दबून असतो. साऱ्या जगात एक मिस्त्रीच त्याला ‘बघतो, साईट सुटली की फोन करतो’ असं सुनावतो. हे त्याला सहन होत नाही. तो दहावा फोन करत नाही, हार्डवेअरच्या दुकानाची पायरी चढतो.

कुणी म्हणेल, हा आमच्या मातीचाच गुण. याच जिल्ह्यात 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली; हातानं काहीतरी करून बघण्याची खोड इथं जुनी आहे. आहे ना. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. लोखंडानं जमीन नासेल, ही शेतकऱ्याची धास्ती जाईपर्यंत ते थांबले. आपल्या गृहस्थाला फेविकॉल वाळेपर्यंत थांबवत नाही. दर दहा मिनिटांनी तो सांधा हलवून बघतो आणि मग फेविकॉलची प्रत पूर्वीची राहिली नाही म्हणतो.

थांबायला न शिकलेल्याला हे यंत्र बरोबर पकडतं. लाकडासाठीची खरी गोल करवत 7 इंची, मिनिटाला साधारण 5 हजार फेरे घेणारी. हा 4 इंची कटर 12-13 हजारांवर जातो. त्या आवाजात, आपण फार भराभर काम करतोय, असं माणसाला वाटू लागतं. सुताराचं काम मात्र पातं फिरण्याआधीच होऊन गेलेलं असतं, कानामागच्या पेन्सिलीनं. पातं जिथून जातं तिथलं सुमारे 2 मिलिमीटर लाकूड भुसा होऊन उडतं. मिस्त्री तेवढं मापात धरतो. आपला गृहस्थ 2-2 फुटांवर तीन रेघा एकदमच मारतो आणि रेघेवरूनच कापतो. तीन कापांत 6 मिलिमीटर गेले, आणि चारही तुकडे कशाने लहान झाले याचा शोध दुपारभर चालतो. पात्याचे दाते खालून वर येतात, म्हणून टवके वरच्या अंगाला उडतात. म्हणून मिस्त्री सनमाईका खाली करून कापतो. हा ती वर ठेवतो, रेघ नीट दिसावी म्हणून. त्यात कटरला वायर असते जेमतेम दोन मीटर, आणि पॉवरचा प्लग स्वयंपाकघरात. साहजिकच एक्स्टेन्शन बोर्ड धरूनही सुतारकामाची हद्द ओट्यापासून परसदारापर्यंत, आणि भुसा वाटणाच्या डाळीवर. ‘अहो, मिक्सर लावायचाय, काढू का तुमचं?’ या प्रश्नाला त्याच्याकडे आजवर उत्तर सापडलेलं नाही.

या यंत्राचा मूळपुरुष ऐकला तर इस्लामपूरकरांनी कपाळावर हात मारावा. 1920 च्या दशकात न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला एडमंड मिशेल नावाच्या फ्रेंच माणसानं ऊसतोड्यांचे कोयते बघितले आणि ऊस तोडायला विजेवर चालणारं पातं जुळवलं. ऊस राहिला बाजूला. 1924 साली शिकागोत त्याची नि जोसेफ सलिव्हनची कंपनी निघाली ती लाकूड कापायच्या हातकरवतीची. कारखान्याच्या फडात आजही बऱ्याच जागी कोयताच चालतो, आणि उसासाठी जुळवलेलं पातं उसाच्या मालकाच्या परसात चपलांचा स्टँड कापतं.

शेवटचा आक्षेप धोक्याचा, आणि तो मात्र खरा. फरशीच्या कटरला खालचं झाकण नसतं. बटण सोडलं तरी पातं काही क्षण फिरत राहतं. तक्ता दोन्ही बाजूंनी टेकवून मध्ये कापला तर चीर मिटते, पातं आवळलं जातं आणि यंत्र अंगावर उसळतं. हातमोजा ओढला जातो, म्हणून मोजा नको, चष्मा हवा, वायर पाठीमागून खांद्यावर, तुकडा क्लॅम्पला, पायाखाली नाही. गंमत अशी की या बाबतीत अर्धा मिस्त्री पुऱ्या मिस्त्रीपेक्षा शहाणा निघतो. मिस्त्री वरचंही झाकण काढून, पायानं फळी दाबून, तोंडात बिडी धरून कापतो. हा चष्मा, मास्क, कानात कापूस असा जामानिमा करून बसतो की शेजारची पोरं बघायला भिंतीवर चढतात. म्हणून ‘घेऊच नका’ हे मला पटत नाही. शिकून घ्या, आणि खाली झाकण असलेली करवत मिळाली तर तीच घ्या, एवढंच म्हणता येतं.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा मात्र स्टँड झाल्यावर हाती लागतो. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, की एका संध्याकाळी मिस्त्री आपणहून येतो. स्टँडकडे बघतो, एक पाय हलवतो, खिशातल्या काडेपेटीचा पुठ्ठा घडी करून त्याखाली सरकवतो. स्टँड डुलायचा थांबतो. नाव न ठेवता तो म्हणतो, ‘चांगलं केलंय की, आबा.’ गृहस्थ आतून चहा मागवतो, पात्याचे दाते, प्लायचा शिक्का, सगळं सांगतो. मिस्त्री शांतपणे ऐकतो आणि कप खाली ठेवताना विचारतो, ‘तुमचा कटर चार दिवस मिळंल काय? माझा पुण्याच्या साईटवर राहिलाय.’ नाही म्हणायची प्राज्ञा नसते. उलट छाती फुगते. खोक्यासकट, चष्म्यासकट कटर जातो. ‘कधी आणून देणार?’ असं गृहस्थ दारातून विचारतो, तेव्हा गाडीला किक मारता मारता उत्तर येतं, ‘सोमवारी.’