शाल, श्रीफळ आणि सुई

आपल्याकडे मेडिकलमध्ये काय मिळत नाही? शाम्पू मिळतो, डायपर मिळतात, सुट्टे नसले की दोन रुपयांऐवजी खोकल्याची गोळी मिळते. काउंटरवर कोपर टेकवून नुसतं ‘घसा धरलाय’ म्हटलं की तीन दिवसांचं अझिथ्रोमायसिनही मिळतं. पाकिटावर लाल रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचनाही असते. पण जिथे लाल सिग्नलला कुणी थांबत नाही, तिथे लाल रेघेला कोण थांबणार? मिळत नाही ती एकच गोष्ट. याच काउंटरवर दंड पुढे करून न्यूमोनियाची लस टोचून घेता येत नाही.

अमेरिकेत याच्या नेमकं उलट. तिथल्या पन्नासही राज्यांत २००९ पासून फार्मासिस्टला लस टोचायची मुभा आहे. वेफर्सची पाकिटं आणि वाढदिवसाची कार्डं यांच्या शेजारी खुर्ची मांडलेली असते. माणूस बसतो, बाही वर करतो, टोचून घेतो आणि वेफर्स घेऊन घरी जातो. चिठ्ठीशिवाय अझिथ्रोमायसिन मागितलं तर मात्र तोच फार्मासिस्ट कानांवर हात ठेवतो. म्हणजे तिकडचा केमिस्ट रोग होऊ नये म्हणून धडपडतो आणि झाल्यावर हात वर करतो. आमचा केमिस्ट रोग होईपर्यंत शांत बसतो आणि झाला की दोन्ही हातांनी देतो. उदार कोण, हे वाचकांनीच ठरवावं.

मुलीकडे सहा महिने न्यू जर्सीला राहून आलेले एक तरी आप्पा हल्ली प्रत्येक सोसायटीत असतात. लेक तिकडेच म्हणाली होती, “आप्पा, न्यूमोनियाची लस इथेच घेऊन टाका.” आप्पांनी डॉलरचे मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाले, “पुण्यात घेईन. अख्ख्या जगाच्या लशी आमच्या हडपसरात बनतात!” अभिमान रास्त होता. डोसांच्या संख्येत जगातला सर्वांत मोठा लस-उत्पादक, म्हणजे सीरम इन्स्टिट्यूट, हडपसरलाच आहे. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची तिची न्यूमोसिल ही लस डिसेंबर २०२० मध्ये बाजारातही आली. अडचण इतकीच, की ती तान्ह्या बाळांसाठी आहे. सरकारी लसीकरणातही २०१७ पासून टप्प्याटप्प्याने न्यूमोनियाची लस आली. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांना फुकट मिळते. आप्पांचं वय नऊ महिन्यांहून थोडं अधिक आहे.

मेडिकलवाले म्हणाले, “मागवून देतो. अ‍ॅडव्हान्स ठेवा. तेरावाली पाहिजे, वीसवाली की तेवीसवाली?” या जंतूचे शंभरच्या आसपास प्रकार आहेत आणि त्यांपैकी किती प्रकारांना लस अडवते, तो हा आकडा. आकडा मोठा म्हणजे लस मोठी, असा सरळ हिशेब इथे चालत नाही. तेरा आणि वीसवाल्या लशीत जंतूच्या आवरणातली साखर प्रथिनाला जोडलेली असते, म्हणून शरीराला तिची ओळख जास्त पक्की राहते. तेवीसवालीत नुसती साखर. आपल्या वयाला, मधुमेहाला, दम्याला कोणती बरी, हे खरं तर फार्मासिस्टने किंवा डॉक्टरने सांगायचं. आप्पांना उत्तर मिळालं, “तेवीस घ्या ना, त्यात जास्त आहे.”

दुसऱ्या दिवशी लस आली. ती दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. तापली तर बिघडते आणि गोठली तरी बिघडते. दुकानाच्या फ्रीजमध्ये इन्सुलिन आणि मालकांचं ताक यांच्या मध्ये रात्र काढून ती बर्फाच्या पिशवीतून आप्पांच्या हाती आली. “टोचणार कोण?” आप्पांनी विचारलं. “ते तुमचं तुम्ही बघा.” फॅमिली डॉक्टर म्हणाले, “मोठ्यांना मी देत नाही, लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जा.” मग पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावरचे आप्पा जिराफाच्या चित्राखाली, रडणाऱ्या सहा बाळांच्या रांगेत, मांडीवर बर्फ घेऊन बसले. समोरच्या आजींनी कौतुकाने विचारलं, “नातू आत गेलाय का?”

मेडिकलवाल्यांनाच शिकवून ही परवानगी का देत नाहीत, असं कुणी विचारेल. सूचना चांगली आहे, पण घातक आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. अनेक दुकानांत त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये असतं, समोर उदबत्तीही असते. फक्त प्रमाणपत्राचे धनी दिसत नाहीत. लस टोचायची म्हटली तर त्यांना प्रत्यक्ष दुकानात यावं लागेल. शिवाय टोचल्यावर पंधरा मिनिटं रुग्णाला बसवून लक्ष ठेवायचं असतं. आमच्या मेडिकलमध्ये गिऱ्हाइकाला बसायची जागा म्हणजे स्वतःची स्कूटर.

आणि लस हवी कशाला, असाही एक पक्ष आहे. पॅरिसमध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग या दोघांनी १८८१ मध्ये एकमेकांना न विचारता हा जंतू जगासमोर आणला. आमच्या सोसायटीत तो अजून पोचलेला नाही. इथे न्यूमोनिया पंख्याने होतो, दह्याने होतो, न्हाऊन केस ओले ठेवल्याने होतो. आणि त्यावर कानटोपी हा सिद्ध उपाय आहे. लस हे बाळांचं काम, ही समजूतही जुनी. हिंदुस्थानात देवीची पहिली लस १८०२ मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला दिली, तेव्हापासून आम्ही दंड पुढे करायचं काम मुलांवरच सोपवलं आहे. प्लेगची लस मुंबईतच बनवून हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. हे परळच्या हाफकिन संस्थेवरून बसने रोज जाणाऱ्यालाही आठवत नाही.

मोठी माणसं लस घेतच नाहीत, असं मात्र म्हणू नये. २०२१ मध्ये याच शहरातल्या माणसांनी कोविनवर स्लॉट मिळवायला अंगठे झिजवले आणि लशीसाठी गाड्या काढून तालुक्याची गावं गाठली. तेव्हा टंचाई होती, रांग होती, ओळख लावायची संधी होती, शेवटी प्रमाणपत्र होतं. न्यूमोनियाच्या लशीत यातलं काहीच नाही. न रांगेची, न वशिल्याची वस्तू मराठी माणसाने घ्यावी तरी कशी? वर ती खिशातल्या काही हजारांची. न्यूमोनिया झाला तर अतिदक्षता विभागाचे लाख निदान मेडिक्लेममधून तरी निघतील.

म्हणून माझी एक योजना आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये या लशीचं वय पासष्टवरून पन्नासवर आणलं. आपल्याकडे पन्नाशीपासून सत्कार सुरू होतात, मग एकसष्टी, पंच्याहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन. प्रत्येक वेळी शाल पांघरतात, म्हणजे छातीला थंडी लागू नये हा विचार आयोजकांच्या मनात असतोच. मग थेट लसच द्यावी. व्यासपीठावर बाही वर करावी, डॉक्टरांनी टोचावं, प्रमाणपत्र हेच मानपत्र. पुढची पंधरा मिनिटं सत्कारमूर्तींना बसवून लक्ष ठेवायचंच असतं. तेवढ्यात अध्यक्षीय भाषण उरकेल आणि वैद्यकीय कारणासाठी ऐकून घेतलेलं ते पहिलं भाषण ठरेल.

ही योजना मी सत्कारांचा दांडगा अनुभव असलेल्या एका मंडळाच्या कार्यवाहांपुढे मांडली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि मान हलवली. “कल्पना चांगली आहे, पण परवडत नाही. शाल आम्ही पुढच्या सत्काराला फिरवतो. टोचलेली लस परत कशी घेणार?”