आधी येईल त्याचा मेल

आमच्या बिलोलीच्या ऑफिसात पुण्याच्या मुख्य कार्यालयाचा ई-मेल सगळ्यांत आधी शिपायाला मिळतो. यात मानपानाचा प्रश्न नाही; तो सगळ्यांत आधी येतो, एवढंच. ऑफिसचा मेल-पत्ता एक, कॉम्प्युटर तीन, आणि तिन्ही ‘पॉप’ पद्धतीनं जोडलेले. जो आधी मागेल त्याच्या मशीनवर मेल उतरतो आणि सर्व्हरवरून पुसला जातो. शिपाई कुलूप काढतो, झाडून घेतो, अगरबत्ती लावतो आणि भक्तिगीतांसाठी कॉम्प्युटर सुरू करतो. पहिला अभंग संपेपर्यंत पुण्याची सगळी पत्रं त्याच्या पदरात. साडेदहाला साहेब येतात, त्यांचा मेलबॉक्स कोरा. मग शिपायाला बोलावून “पुण्याचं काय म्हणणं आहे?” असं त्यालाच विचारायचं. तोही खुर्ची ओढून सविस्तर सांगतो.

शेवटी नांदेडहून कॉम्प्युटरवाला पोरगा आला. म्हणाला, “आयमॅप करून टाकू. मेल सर्व्हरवरच राहील, सगळ्यांना सारखाच दिसेल.”

झालं, मोठे बाबू उठले. बाबू महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं आणि ‘ड’ वर्षभरात रद्दी, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

“आपले कागद कुठं ठेवायलाव तुम्ही?”

“सर्व्हरवर, काका.”

“ते कुठं आलं?”

“असंल मुंबईला, नाहीतर परदेशात.”

“म्हणजे तुलाच माहीत नाही. अरे, निजामाच्या राज्यात आपला सर्व्हर हैदराबादलाच होता की! १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, अन् कागद राहिले तिकडंच. कुणबी नोंदी शोधायला २०२३ ला न्यायमूर्ती शिंदे समितीला हैदराबाद गाठावं लागलं. आपल्या आज्याची जात विचारायला परराज्यात!”

पोरगा शांतपणे म्हणाला, “तिकडं होते म्हणून विचारायला तरी जागा राहिली. इथल्या वाळवीनं काय ठेवलं असतं?”

बाबूंनी चहा मागवला. इतक्या वर्षांत उत्तराऐवजी चहा मागवताना त्यांना मी प्रथमच पाहिलं.

पोरगा तेवढ्यावर थांबला नाही. मशीनवर उतरवलेला मेलही सुरक्षित नसतो, म्हणाला. जुन्या आउटलुकमध्ये सगळा मेल पीएसटी नावाच्या एकाच फाइलीत साठायचा आणि फाइल २ जीबीला पोचली की आडवी व्हायची. त्यावर मायक्रोसॉफ्टनं दिलेलं औषध असं, की फाइल कापून लहान करायची. कापलं ते गेलं.

“पंचनामा न करता?” बाबू हादरलेच.

मग साहेबांनीच तोडगा काढला. पोराला पैसे कशाला द्यायचे? फुकटचं जीमेल आहे की! १ एप्रिल २००४ ला ते १ जीबी जागा घेऊन आलं तेव्हा लोकांना थट्टा वाटली होती. आता १५ जीबी मिळते. साहेबांनी आपल्याच खात्यावर ऑफिसची टपाल सुरू केली. मात्र त्या १५ जीबीत फोटोही मोजले जातात, जून २०२१ पासून तर सगळेच. नातवाचं बारसं झालं. पाळणा, पाळण्यातला नातू, नातवाला घेतलेली आत्या, दुसरी आत्या, आणि व्हिडिओत रुसलेली मामी. जागा भरली, आणि खताचं नवं दरपत्रक बाहेरूनच परत गेलं. बारशाचा एकही फोटो पुसायला वहिनींची परवानगी नाही. म्हणून साहेब कुंडलवाडीच्या एसटीत बसल्या बसल्या अंगठ्यानं मेल पुसू लागले. मोबाइलवर पुसलं की ते ऑफिसातल्या पडद्यावरूनही जातं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणी? ते साहेब.

मी स्वतः आयमॅपच्या बाजूचा. फक्त महिन्याकाठी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढावी आणि ती डिस्क बाबूंच्या कपाटात ठेवावी, असं माझं म्हणणं. सर्व्हरपेक्षा मला साहेबांच्या अंगठ्याची भीती जास्त. बाबूंना कपाटापुरतं हे पटलं. पण मंजुरी पुण्याची हवी, म्हणून रीतसर मेल केला.

उत्तर कुरिअरनं आलं. ‘आपला ई-मेल उघडला नाही. तरी सविस्तर प्रस्ताव तीन प्रतींत टपालाने सादर करावा.’ बाबूंनी ते दोनदा वाचलं, त्यावर आवक क्रमांक घातला आणि ‘अ’ वर्गात लावून टाकलं.