फ्रीजच्या दारातला दवाखाना

बाळाला ताप आला की आधी फ्रीजचे दार उघडते. तिथे मागच्या पावसाळ्यातली अर्धी बाटली असते. नाव थोरल्याचे, पण औषधही कपड्यांसारखे धाकट्याकडे जाते. पाण्यात कालवलेले अँटिबायोटिक एक-दोन आठवड्यांत टाकून द्यायचे असते आणि सर्दीच्या विषाणूपुढे ते ताजे असतानाही निरुपयोगी, ही बातमी आजीपर्यंत पोहोचलेलीच नाही.

मग मेडिकलवाला. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते. तो वजन विचारत नाही, घरचे सांगत नाहीत. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर २०११ पासून बंदी आहे, तीही बहुधा फक्त राजपत्राला ठाऊक!

डॉक्टरांचा नंबर चौथ्या दिवशी. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला, तर मात्र फ्रीज उघडू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.